हाताआडचे सहा दात

९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

चौदा महिने तुला पत्र लिहिलं नाही. माझ्याकडे तीन सबबी तयार आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत, म्हणून देत नाही. मधे तुझ्या वाढदिवसाला फोनवर फुलाचं चित्र पाठवलं होतं, ते तर धरूच नकोस. तेच फूल मी त्या दिवशी आणखी दोघींना पाठवलं होतं. मावशी असती तर लेकीच्या वतीने तिने माझे कान उपटले असते. तापाने तुझे कान नेले तेव्हापासून आपल्या फोनवरच्या गप्पा संपल्या, पत्रं तेवढी उरली. आणि तीही मीच बंद पाडली.

मागच्या वर्षी ऑगस्टात तू चार दिवस राहायला म्हणून आलीस आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच बॅग भरलीस. "पोहण्याच्या तलावावर काम निघालंय," म्हणालीस. मी स्टेशनावर हात हलवला, घरी आले आणि डायरीत लिहिलं, "ताई एक दिवस आधी गेली. माझं काय चुकलं ते शोधणे." शोधायला एवढा वेळ लागला. आता सापडलंय असं वाटतं, पण ते या पत्रात लिहायचा धीर होत नाही.

बातमी मात्र आहे. खाली बस आणि वाच. मी दातांना तार लावून घेणार आहे.

हो, मीच. चव्वेचाळीस पूर्ण. माझे वरचे पुढचे दात म्हणजे फोटोसाठी दाटीवाटीने उभी राहिलेली मंडळी. मधले दोघे एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, डावीकडचा एक मागे लपलेला, आणि त्याच्या शेजारचा "मी दिसतोय ना?" म्हणत पुढे आलेला. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं लोकांच्या नाकावरच्या काड्या सरळ करते आहे. स्वतःच्या नाकाखाली बघायला आता सवड झाली.

दवाखान्यात गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मुलीला आत पाठवा, तुम्ही इथे बसा." मी म्हटलं, "कुठली मुलगी?" तिने यादी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा यादी पाहिली आणि इतकी लाजली की मलाच तिची समजूत काढावी लागली. बाकी सगळे बाकावर पाय हलवत बसलेले बारा-तेरा वर्षांचे. मी मधोमध, पर्स मांडीवर घेऊन, नापास होत होत तिथेच राहिल्यासारखी.

दातांची डॉक्टर तिशीची आहे आणि भलतीच आनंदी. म्हणाली, "चावा तुमचा छान आहे. दाढांना हात लावायचाच नाही. फक्त पुढचे सहा, या सुळ्यापासून त्या सुळ्यापर्यंत. पाच-सहा महिन्यांचं काम."

"पण या वयात दात हलतात का?"

"हलतात हो! आपोआप हलायला लागण्याआधी आपणच हलवलेले बरे."

खुर्चीतल्या खुर्चीत मी इतकी हसले की तिचा आरसा पडला. घरी आल्यावर मात्र विचार सुरू. हे चोचले तर नाहीत? सहा महिन्यांत एखादी भाषा शिकता येते. मी दात शिकवणार.

रागावली असलीस तर रागाचं उत्तर पाठव, पण पाठव. माझी डायरीची सवय तुला माहीत आहे, शेवटी उद्याचं एक काम लिहिल्याशिवाय पान मिटत नाही. तर उद्या: हे पत्र पेटीत टाकणे. फाडणे नाही.

तुझी,
खार


२१ ऑक्टोबर

खारे,

चौदा महिने! मला आधी वाटलं, मेलीस. मग वाटलं, मेली असती तर तिच्या अहोंनी कळवलं असतं, तो माणूस सरळ आहे. म्हणजे जिवंत असून लिहीत नाही. मग मीही लिहिलं नाही. मी काय कमी हट्टी आहे?

आता मुद्द्याचं. कोण आहे तो?

लपवू नकोस. आमच्या तलावावर एक बाई बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकायला आली. "पाठदुखीसाठी," म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात पाठदुखी स्वतः तिला न्यायला आली, स्कूटरवरून, काळा चष्मा लावून. तेव्हापासून मी ठरवलंय, चाळिशीनंतर माणूस अंगाला काही नवीन करून घेतं ते कुणासाठी तरी असतं. दुकानात कुणी चष्मा वरचेवर ढिला करून आणतोय का? खरं सांग, मी तुझ्या अहोंना सांगणार नाही. लगेच तरी नाही.

माझं विचारशील तर मस्त चाललंय. सकाळी सहा ते दहा मोठ्या माणसांचा वर्ग घेते, पाण्याला भिणाऱ्यांचा. मी शिट्टी फुंकते. ती वाजली की नाही हे मला लोकांच्या तोंडावरून कळतं. परवा सगळे ढिम्म. शिट्टीत पाणी गेलं होतं. मी आपली गाल फुगवून तीन मिनिटं फुंकतेय आणि ते बिचारे मला काय होतंय म्हणून बघतायत! पाण्याखाली गेले की मात्र सगळेच माझ्यासारखे, तिथे माझा वशिला चालतो.

लवकर का गेले ते उगाळत बसू नकोस. तलावावर काम होतं म्हणजे होतं.

आणि सहा दात सरळ करून बाकीच्यांनी काय पाप केलंय?

कुणासाठी, ते आधी लिही.

ताई


६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझ्यासाठी.

हे एवढं लिहून मी पेन ठेवलं, फ्रीज आवरला, पुसून काढला, त्यातल्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या आणि मग परत येऊन बसले. आता उरलेलं लिहिते.

तू ओठ वाचतेस. सगळ्यांचे वाचतेस, रस्त्यापलीकडे भांडणाऱ्या दोन माणसांचं भांडण तू मला खिडकीत उभी राहून ऐकवलंस. फक्त माझे वाचता येत नाहीत, कारण मी तोंड उघडलं की माझा उजवा हात आधी तिथे हजर. बोलताना, हसताना, जांभई देताना. मला ते कळतसुद्धा नाही. ऑगस्टात तू आलीस तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुला दुकानातली ती गोष्ट सांगत होते, ते गृहस्थ बायकोचा चष्मा घालून घरी गेले आणि आठवडाभर "घर किती मोठं दिसतंय" म्हणत खूश होते, ती. तू मान हलवत होतीस. हसायच्या जागी "हो का?" म्हणालीस. मला दिसलं की तुला एक अक्षर कळलेलं नाही, आणि तरीही हात खाली येईना. तासाभरात तू बॅग भरलीस. तुला माझ्याशी बोलून दमायला झालं होतं. हे मला सापडलेलं उत्तर. चूक असेल तर सांग, बरोबर असेल तर सांगू नकोस.

म्हणून दात. दात सरळ झाले की झाकायला काही उरणार नाही, हात आपोआप खाली.

तार गेल्या आठवड्यात बसली. सहा दातांवर तांदळाएवढे सहा पांढरे ठोकळे चिकटवले, त्यातून बारीक तार ओवली, आणि प्रत्येकावर इवलंसं रबरी कडं. डॉक्टर म्हणाली, "सफरचंद चावायचं नाही, चिरून. कलिंगडाची फोड तोंडाला लावून ओरपायची नाही. चहा कमी, कडी पिवळी पडतात." पहिले दोन दिवस दात असे ठणकले की मऊ भातसुद्धा मला दगडी वाटला. "फ" आणि "व" म्हणताना ओठ ठोकळ्यांवर अडकून राहतो. दुकानात "फ्रेम" म्हटलं की मी दोन सेकंद तशीच हसरी दिसते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई फार गोड आहेत.

आमचे हे शाळेत भूमिती शिकवतात, ते तर सुटलेच आहेत. पहिल्याच संध्याकाळी कोनमापक घेऊन आले. "आ कर. विज्ञानासाठी." माझा डावीकडचा दात अठ्ठावीस अंशांत वळलेला निघाला. त्यांनी आलेखाचा कागद फ्रीजवर लावलाय. दर पंधरा दिवसांनी एक ठिपका. मी म्हटलं, "पाहुणे आले तर?" तर म्हणतात, "तपमान आहे म्हणून सांगू."

तुझी,
खार


२ डिसेंबर

खारे,

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग कपडे बदलून तलावात उतरले आणि वीस फेऱ्या मारल्या. मग पुन्हा वाचलं. कागद ओला झाला तो तलावाच्या पाण्याने. तसंच समज.

तुला सापडलेलं उत्तर साफ चुकलंय.

दुसऱ्या दिवशी जेवताना तुझे अहो काहीतरी म्हणाले. तू तोंडावर हात धरून त्यांना उत्तर दिलंस, दोघं हसलात, आणि मग तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, माझ्याबद्दल बोलताय.

थांब, कागद फाडू नकोस, पुढे वाच. माझे कान गेल्यापासून लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल खुशाल बोलतात. "बिचारी" म्हणतात, "पूर्वी किती छान गायची" म्हणतात. पण तोंड उघडं ठेवून बोलतात, मला वाचता येतं हे विसरून. तू एकटीच झाकायचीस. मी म्हटलं, खारीला माहीत आहे मी वाचते, म्हणूनच झाकते. मनात आलं ते आलं. रात्रभर ते चघळलं आणि सकाळी तू ती चष्म्याची गोष्ट सांगायला लागलीस तेव्हा मी ओठ वाचायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हते. रागाने मान हलवत होते. तलावावर काहीही काम नव्हतं.

म्हणजे चौदा महिने तू दातांना शिव्या देत होतीस आणि मी तुला. दोघींना एका दोरीने बांधून खोल बाजूला ढकललं पाहिजे. (ती गोष्ट आत्ता कळली. बायकोच्या चष्म्याची. मी इथे एकटीच खो खो हसले, शेजारीण बघून गेली.)

माझ्यासाठी आजवर कुणी काय काय केलं. एकाने कविता केली होती, वाईट होती. पण दात कुणी हलवले नव्हते. मला काय म्हणायचं ते सुचत नाही, म्हणून कामाचं लिहिते. एप्रिलमधे आमचा तलाव रिकामा करून रंगवणार आहेत. मला आठ दिवस सुट्टी. बारा एप्रिलच्या सकाळी साडेदहाच्या गाडीने मी येते. या खेपेला तुझं सगळं बोलणं मला बघायचंय, वीस वर्षांचं. आणि हात एकदा जरी तोंडावर गेला ना, तर बॅग न उघडता त्याच गाडीने परत. गंमत नाही. बरं, थोडी गंमत. पण येताना मला भीती वाटणार आहे, हे तुला म्हणून सांगते. पुन्हा तुझ्यासमोर बसून काही कळलं नाही तर मला ते सोसणार नाही.

बाकी, वर्गात एक वकील आलेत. कोर्टात वाघ म्हणे. पाण्यात उतरले आणि काठ असा धरला की वर्ग संपला तरी सोडेनात. बाकीचे ओरडतायत, "काठ सोडा, काठ सोडा!" अशाने आजवर कुणी काठ सोडलाय? मी त्यांच्यासमोर नुसती तरंगती फळी धरली, दोन्ही हातांनी धरायची असते ती. त्यांनी ती घ्यायला एक हात काढला, मग दुसरा. अर्धा तलाव पार केल्यावर त्यांना कळलं की काठ मागे राहिला. मग किंचाळले म्हणे. मला काय ऐकू येतंय!

ताई


१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

दोन महिने लिहिलं नाही ते या वेळी लाजेने नाही, अपघाताने आणि त्यामागच्या दवाखान्याच्या खेपांनी. सांगते.

आधी ते जेवतानाचं. ह्यांनाही विचारलं, मलाही आठवतं. हे म्हणाले होते, "ताईंना अजून एक पोळी वाढ, त्या आपल्या दोघांएवढं पोहतात." मी म्हटलं, "तिला नको, तुम्हालाच हवीय." एवढंच. एवढ्यासाठी आपण चौदा महिने घालवले. मी आपल्या दोघींसाठी एक खणखणीत शिवी शोधते आहे, सापडली की कळवीन.

आता अपघात. चष्म्याची काडी बसवताना बारीक पेचकस मी पुढच्या दातांत धरते. वीस वर्षांची सवय, दोन्ही हात फ्रेमवर लागतात ना. जानेवारीत गिऱ्हाइकासमोर तो तसाच धरला आणि कट्! एक ठोकळा निसटून तारेवर मणी ओवल्यासारखा फिरायला लागला. मी "ऊं ऊं" करत मालकांकडे धावले. मालक म्हणाले, "बाई, फ्रेम तुटली का?" मी मान हलवली. "काच?" मान हलवली. "मग काय तुटलं?" मी दात दाखवले. गिऱ्हाईक म्हणालं, "मी उद्या येतो."

डॉक्टरने ठोकळा परत चिकटवला आणि बजावलं, "दात म्हणजे तिसरा हात नव्हे." शिवाय तो डावीकडचा दात हटवादी निघाला. जागाच नाही म्हणतो. मग तिने शेजारच्यांना कडेने केसाएवढं घासून त्याला जागा करून दिली. म्हणाली, "वेळापत्रक थोडं पुढे जाईल. एप्रिलअखेर धरा." मी ताडकन उठून बसले. म्हटलं, "बारा एप्रिल! बहीण येतेय!" खुर्चीतूनच हात जोडणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली असणार. म्हणाली, "बघू. दाताला समजावते." ह्यांचा आलेख सध्या नऊ अंशांवर अडून बसलाय आणि हे रोज त्याच्याकडे शेअरबाजारासारखे बघतात.

घरी आमचा सराव चालू आहे. हे कानांत कापूस घालतात, मी आवाज न करता बोलते. हात वर गेला की हे चमचा ताटावर आपटतात. काल एका जेवणात सतरा वेळा. खालच्या मजल्यावरून विचारायला आले, घरात काही कार्यक्रम आहे का.

त्या सतरा चमच्यांनंतर हे म्हणाले, "हा हात पहिल्यांदा कधी वर गेला?" मी डायऱ्या काढल्या, पण त्या कॉलेजपासूनच्या. त्याआधीचं मला डायरीशिवाय आठवतं, आणि हे लिहावं की नाही यावर मी चार दिवस घालवलेत. मी नऊ वर्षांची, तू बाराची. गच्चीवर आपण सगळी मावस-मामे भावंडं होतो. तू माझ्याकडे बोट दाखवून ओरडलीस, "ही खार आहे खार!" आणि सगळे हसले. पुढचे दात, म्हणून खार. हात त्या संध्याकाळी वर गेला.

मी तक्रार करत नाही आहे. नाव मला आवडतं, सही मी तेच करते, तू "खारे" लिहितेस तेव्हा बरं वाटतं. पण तुझ्यासाठी दात सरळ करते म्हणताना ही बाजू झाकून ठेवली, तर हातच वर गेल्यासारखं होईल. म्हणून लिहिलं.

उद्या: हे पत्र पुन्हा न वाचता पेटीत टाकणे.

तुझी,
खार (अजूनही)


१ मार्च

अगं वेडे,

दात? कसले दात?

नऊ वर्षांच्या कुणाचेही पुढचे दात धड नसतात, निम्मे पडलेले, निम्मे येतायत. तू तशी, मीही आदल्या वर्षापर्यंत तशीच. त्या दिवशी गच्चीवर माझ्या सँडलचं बक्कल सापडत नव्हतं. तासभर शोधलं. मग तू दोरीवरच्या उड्या मारायला लागलीस आणि तुझ्या फ्रॉकचा खिसा वाजला. मी तो उलटा केला. माझी तीन खोडरबरं, आजोबांच्या कोटाचं बटण, मेणबत्तीचा तुकडा, अर्धं बिस्किट, दोन चिंचोके आणि माझं बक्कल! आठवतंय? तेव्हा मी ओरडले, "ही खार आहे खार, सगळं साठवते!" सगळे हसले ते त्या अर्ध्या बिस्किटाला, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

तुझे दात वाकडे आहेत हे मला मागच्या ऑक्टोबरात तुझ्या पत्रातून कळलं. शप्पथ. कसं कळणार? तू कधी दाखवलेस?

हे लिहून मी हसत सुटले आणि मग थांबले. पस्तीस वर्षं, खारे. मी हाक मारली आणि तू हात वर केलास, आणि मी पुन्हा पुन्हा हाक मारत राहिले. मला म्हणायचं नव्हतं ते तुला लागलं, पण लागलं ते लागलंच. माफ कर. कान असते तरी हे मी फोनवर कधीच म्हटलं नसतं, तोंडावर तर नाहीच.

नाव बदलू का? तू म्हणशील ते. यायच्या आधी कळव.

बारा एप्रिल, साडेदहा. तिकीट काढलंय. दाताला माझा निरोप सांग, वकील पोहायला लागले, तुला काय धाड भरलीय?

ताई


११ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र पेटीत टाकण्यात अर्थ नाही, तू त्याच्याआधी पोचशील. तुझ्या खोलीत उशीवर ठेवते. म्हणजे तू हे वाचत असशील तर परतीच्या गाडीत बसलेली नाहीस, एवढं मला आत्ता लिहिताना कळायला हवं होतं. मला कळत नाहीये. उशीचा अभ्रा तीनदा बदलून झाला.

परवा तार निघाली! हटवादी दाताने शेवटच्या तीन आठवड्यांत अशी काही घाई केली, जणू तुझा निरोप खरंच पोचला. डॉक्टरने चिमट्याने ठोकळे एकेक करून टक् टक् काढले, घासलं, पुसलं. जीभ फिरवली तर घसरली. इतकी वर्षं ओळखीचे सगळे कोपरे गायब, नवीन बांधलेल्या जिन्याचा कठडा असावा तसं गुळगुळीत. दातांच्या मागून एक बारीक तार चिकटवून ठेवलीय, रात्री घालायला पारदर्शक खोळ दिलीय, नाहीतर मंडळी परत दाटीवाटीने उभी राहतात म्हणे. हे कोनमापक घेऊन दवाखान्यातच आले होते. म्हणाले, "दीड अंश." डॉक्टर म्हणाली, "शून्य आहे हो." "दीड." मी म्हटलं, "तो दीड मला राहू दे."

मग तिने आरसा पुढे धरला. काउंटरवरची मुलगी, बाकावरची सगळी पोरंटोरं, एक आजोबा, सगळे बघायला दारात. टाळ्या वाजल्या. मी हसले.

आणि हात वर गेला.

ताई, दात सरळ झाले आणि हात वाकडाच राहिला! घरी येईपर्यंत मी नऊ वेळा तोंड झाकलं. काल चमचा एकतीस वेळा वाजला. मी उजवा हात मांडीखाली घेऊन बसले तर डावा वर गेला, आजवर न शिकवता. सहा महिने मी चुकीच्या अवयवावर उपचार करत होते की काय? काल हा प्रश्न डायरीत लिहिला आणि तीन पानं भरली. तू येणार, मी झाकणार, तू बॅग उचलणार. रात्री झोपेतही हातच दिसत होता.

आज दुकानात मन नव्हतं. एक आजी आल्या, नवीन चष्मा घ्यायला. मी नेहमीसारखी त्यांच्यासमोर वाकले, दोन्ही हातांनी काड्या कानांमागे बसवल्या, "टोचतंय का हो?" विचारत. आजींनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती छान हसतेस!" मला वाटलं, नवीन दात. सुखावून मालकांकडे वळले, "बघा, फरक दिसतो की नाही?" मालक बिलावरून मान वर न करता म्हणाले, "कसला फरक? तुम्ही अशाच हसता. वीस वर्षं बघतोय."

"अहो, तेव्हा वाकडे होते! मी झाकून हसायची!"

"झाकून? गिऱ्हाइकाच्या कानामागे दोन्ही हात असताना तुम्ही झाकणार कशाने?" मालकांनी आता मान वर केली. "पेचकस तोंडात नसला की सगळे दात दिसायचे. वाकडे होते, हो. लोक त्या हसण्यासाठी परत यायचे, काड्या काय, कोणीही वाकवून देतं."

मी स्टुलावर बसले. वीस वर्षं, दिवसाला निदान पंधरा माणसं, सगळ्यांनी माझे दात पाहिले होते. एकही पळून गेलं नव्हतं. मग हे सगळं उगाच केलं का? खरं सांगू, मला माहीत नाही. जीभ मात्र दोन दिवस तिथून हलायला तयार नाही, तिला आवडलंय. आणि दात तुझ्यासाठी हलवले होते, ते फुकट गेलं असं मला वाटत नाही. तुझ्याकडे यायला मला काहीतरी हलवायचंच होतं.

मग मला तुझे वकील आठवले. "काठ सोडा" म्हणून कुणी सोडत नाही. हातांना दुसरं काहीतरी द्यायचं. ताई, उपाय तू डिसेंबरातच पाठवला होतास, मी तो वाचून नुसतं हसले होते.

दुकानातून निघताना कामाच्या कोटाचा खिसा सहज उलटा केला. सात स्क्रू, नाकावरच्या दोन गाद्या, एक फुटकी काडी, पेन्सिलीचा तुकडा, कुणाचं तरी बटण आणि घडी घालून घालून मऊ झालेलं तुझं मार्चचं पत्र. बिस्किट नव्हतं, एवढीच प्रगती. तेव्हा नाव बदलायचं नाही. तू ठेवलंस ते बरोबर ठेवलंस.

घरी येताना कोपऱ्यावर फळवाल्याकडे थांबले. "उद्या सगळ्यात मोठं ठेवा," म्हटलं. तो म्हणाला, "बाई, एका हाताने उचलायचं नाही हं ते, पडेल." मी म्हटलं, "तेच हवंय." आणि रस्त्यात उभी राहून हसले. हात वर गेला, पण चला, उद्यापर्यंत चालेल.

आता ते ओरपायलाही डॉक्टरची ना नाही.

तुझी,
खार

उद्या: सकाळी नऊला कलिंगड घेणे, आणि साडेदहाच्या गाडीसाठी ते दोन्ही हातांत धरून फलाटावर उभं राहणे.